जुन्या ड्रॉवरच्या पितळी कड्या ढिल्या झाल्यात, दुरुस्त कराव्यात की बदलाव्यात?

आटे_गेले

नमस्कार मंडळी,

चार ड्रॉवरचं जुनं सागवानी कपाट माझ्याकडे आलंय. लाकूड ठणठणीत आहे, वाळवी नाही, सांधे हलत नाहीत. रडगाणं आहे ते कड्यांचं. प्रत्येक ड्रॉवरला दोन, अशा आठ लोंबत्या पितळी कड्या असायला हव्यात. त्यातल्या तीन डुगडुगतात, एकीचं टोक जरा ओढलं की निसटून हातात येतं, आणि दुसऱ्या ड्रॉवरची उजवी कडी गायबच आहे. तिच्या जागी कुणीतरी अधिकच्या खुणेसारख्या खाचेचा लोखंडी स्क्रू अर्धवट पिळून ठेवलाय. त्याला चिमटीत धरायचं आणि ड्रॉवर उघडायचा! बोल्टची भोकं झिजून लांबट झालीत. एका भोकातून कागदाची घडी निघाली, कधीतरी बूच म्हणून कोंबलेली.

घरच्यांचं मत आहे की काढा सगळं आणि नवीन हँडल लावा. सुतार त्याच्याही पुढे गेला. म्हणाला, बाजूंना बॉल बेअरिंगचे चॅनेल टाकू, मग ड्रॉवर बोटाने ढकलला तरी पळेल. मला मात्र जुन्याच कड्या ठेवायच्यात. हा वेडेपणा आहे का?

माझ्याकडे ड्रिल आहे, पटाशी आहे, दोन-तीन कानशी आहेत, रंधा बऱ्यापैकी चालवता येतो. सोल्डरिंग केलंय ते फक्त वायरींचं. पितळ पार काळं पडलंय, ते कशाने साफ करू तेही सांगा. फोटो चढत नाहीयेत, त्यामुळे वर्णनावरच भागवा.

खटपट्या

त्यात काय एवढं, आगपेटीच्या काड्या! गूल मोडा, काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवा, भोकात मावतील तितक्या ठोका, दुसऱ्या दिवशी ब्लेडने वरचं कापून नवीन भोक पाडा. आमच्या घरातल्या निम्म्या बिजागऱ्या यावरच तग धरून आहेत. घाई असेल तर एम-सील भरा आणि विषय संपवा.

पटाशी

आटे_गेले, वेडेपणा अजिबात नाही. पण कड्यांना इतक्यात हात लावू नका.

खटपट्या, काड्यांचा उपाय मीही करते, पण तो लाकडात घुसणाऱ्या स्क्रूसाठी. यांच्या कडीचा बोल्ट फळीतून आरपार जातो आणि आतून नटने आवळला जातो. तिथे लाकडाने आटे धरायचेच नाहीयेत, भोक फक्त बोल्टच्या मापाचं हवं. आणि एम-सीलवर माझा जुना राग आहे. आज ते दगडासारखं बसतं खरं, पण पुन्हा कधी काढायची वेळ आली की भोकाभोवतीचं लाकूड सोबत घेऊनच निघतं.

आता मुद्द्याचं. कडी उगाच ढिली होत नाही. खण सुरळीत सरकत असला तर तिला फारसं काही सोसावं लागत नाही. खण अडतो, म्हणून माणूस कडी हिसकतो, आणि रोजच्या त्या हिसक्यांनी बोल्ट भोकाच्या कडा खातो, नट सैल होतो, कडीचं टोक बोल्टच्या कानात (ते अडकतं त्या भोकात) घासत राहतं. दुखणं खणाच्या पोटाखाली असतं, कडीला नुसती सूज आलेली असते. तुम्ही कड्या कितीही पक्क्या करा, खण तसाच अडत राहिला तर भोकं परत लांबणार.

भोक कोणत्या दिशेला लांबलंय ते नीट बघा, त्यातच निदान आहे. उभं लांबलं असेल तर खण खाली बसलाय आणि लोक तो उचलून ओढतायत. आडवं लांबलं असेल तर खण बाजूंना सैल आहे, तिरका होऊन अडकतोय आणि लोक एकाच कडीला धरून डावी-उजवीकडे हलवून तो सोडवतायत.

मग खण पूर्ण बाहेर काढा आणि रिकामा करून उलटा ठेवा. बाजूच्या फळीची उंची पुढच्या टोकाला मोजा, मागच्या टोकाला मोजा. दोन्हींत फरक सापडेल, मी जवळजवळ पैजेवर सांगते. मागचं टोक जास्त झिजतं, कारण खण कितीही उघडा असला तरी ते रनरवर, म्हणजे कपाटातल्या ज्या पट्टीवर खण सरकतो तिच्यावर, टेकलेलंच असतं. रनरचं उलट. त्याची झीज पुढे जास्त, कारण उघडताना आणि बंद करताना अख्खी फळी त्या पुढच्या भागावरूनच जाते. कपाटात हात घालून रनरवरून बोट फिरवा, खाच लागेल.

तळाची फळीही बघा. चांगल्या जुन्या कामात ती बाजूंच्या खाचेत मोकळी सरकवलेली असते आणि फक्त मागच्या बाजूला एक-दोन खिळ्यांनी धरलेली असते, म्हणजे लाकूड फुगलं-आटलं तरी तिला हलायला वाव राहतो. कुणी तिला चारी बाजूंनी सरस लावून ठेवला असेल तर ती चिरते किंवा पोट सोडते, आणि ते पोट समोरच्या आडव्या पट्टीवर घासतं. घासलं असेल तर तिथे चकाकी दिसेल. शिवाय त्याच आडव्या पट्टीवर, दर्शनी फळीच्या लगेच मागे, दोन छोटे अडसर-ठोकळे असायला हवेत. ते गेले की खण आत जाऊन मागच्या फळीवर आपटतो.

चॅनेलचं म्हणाल तर सुताराला नम्रपणे नाही सांगा. त्या चॅनेलला प्रत्येक बाजूला १२.७ मिमीच्या आसपास जागा लागते. जुना खण पोकळीत जेमतेम मिलिमीटरभर फट ठेवून बसवलेला असतो. म्हणजे चॅनेल घालायचे तर खणाची रुंदी २५ मिमीने कमी करावी लागेल, कोपऱ्यांचे डव्हटेल (एकमेकांत अडकणाऱ्या दातांचे) सांधे कापून टाकून. हे कपाट वाचवणं झालं नाही.

मापं घेऊन इथे टाका, मग कड्यांकडे वळू.

आटे_गेले

पटाशीताई, पैज जिंकलात. दुसरा ड्रॉवर पुढे १५० मिमी, मागे डावीकडे १४५ आणि उजवीकडे १४६. रनरला पुढे चांगली ३ मिमीची खाच आहे. ठोकळा एकच शिल्लक, तोही हलतोय. भोकं उभी लांबलीत. पहिला आणि तिसराही याच वळणावर, फक्त कमी. चौथा वेगळा आहे. त्याची मापं पुढे-मागे सारखी, पण हवा दमट झाली की तो वरच्या पट्टीला घट्ट बसतो, उघडतच नाही.

आता कड्या. दोन बोल्टमधलं अंतर ७६ मिमी आहे. दुकानात हँडलं ९६ नाहीतर १२८ची दिसतात. आणि तीन नट हरवलेत. एम-४चे (४ मिमी मेट्रिक) नट आणून बघितले, दोन-तीन आटे छान गेले आणि मग अडले. पक्कडीने जोर लावून पुढे ढकलू का?

ठोकपीट

पक्कड खाली ठेवा!

७६ मिमी म्हणजे तीन इंच. तुमच्या कड्या इंची मापाच्या आहेत, त्यामुळे आटेही बहुतेक इंची असणार. ५/३२ इंची व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश आट्यांच्या) बोल्टचा व्यास ३.९७ मिमी, म्हणजे एम-४च्या इतका जवळ की नट सुरुवातीला निमूट चढतो. पण इंचाला ३२ आटे म्हणजे दोन आट्यांत ०.७९ मिमी अंतर, आणि एम-४मध्ये ०.७०. दर आट्याला थोडी चूक साठत जाते आणि तिसऱ्या-चौथ्याला नट अडतो. पुढे जोर लावलात की लोखंडी नट पितळी बोल्टचे आटे सोलून काढेल. खात्री करायची तर शेजारशेजारच्या दहा आट्यांची लांबी मोजा. ७.९ मिमीच्या आसपास आली तर इंची, ७ आली तर मेट्रिक.

इंची निघाले तर ५/३२चाच नट शोधा. अमेरिकन ८-३२ नटही चालेल. जरा सैल बसतो, पण आट्यांतलं अंतर तेच आहे. आणि कड्या उतरवताना प्रत्येक नट त्याच्याच बोल्टवर परत फिरवून ठेवा. जुन्या हातकामात प्रत्येक जोडी वेगळी असू शकते, सगळे नट एका डबीत टाकलेत तर नंतर जुळवताना नाकीनऊ येतील.

निसटणाऱ्या कडीला आधी चुंबक लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा. नाही चिकटलं तरी मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी कानस हलकेच घासा. पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर जस्ताचा मिश्रधातू, आणि तो वाकवायच्या भानगडीत पडू नका, कट्‌कन मोडतो.

पितळ असेल तर दोन शक्यता. कडीची टोकं नुसती फाकली असतील तर ती आत वाकवली की झालं. पण थंड ओतीव पितळ वाकवू नका. कडी काढून, अंधुक उजेडात जेमतेम लालसर दिसेल इतकी तापवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच वाकवा. तापलेली असताना वाकवायचा मोह होतो. तेव्हा तर ती जास्तच ठिसूळ असते. दुसरी शक्यता म्हणजे बोल्टचा कान लांबट झिजलाय. मग ते भोक गोल मोठं करून आत पितळी नळीचा बारीक तुकडा बसवायचा आणि चांदीच्या सोल्डरने पक्का करायचा. वायरीचं कथलाचं सोल्डर इथे चालणार नाही, हिसक्याला टिकत नाही. हे एवढं काम एखाद्या सोनारकाम जाणणाऱ्याकडून करून घेतलंत तर बरं.

सफाईबद्दल. अमोनिया असलेलं कुठलंही द्रावण पितळावर वापरू नका. ब्रिटिश लष्कराच्या पितळी काडतुसांना भारतात पावसाळ्यात आपोआप चिरा पडायच्या. ती तबेल्यांमध्ये साठवलेली असत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि धातू घडवताना आत राहिलेला ताण, दोन्ही मिळून पितळ फोडतात, हा उलगडा १९२१ साली झाला. तुमची कडी वाकवून घडवलेली आहे, म्हणजे ताण तिच्यातही आहे.

पटाशी

ठोकपीट, घोड्यांचं माहीत नव्हतं, पण अमोनियाच्या बाटल्या मी पितळापासून लांबच ठेवते. सफाईत माझी एक भर. कड्या कपाटावर असताना घासू नका, पॉलिश लाकडात मुरतं आणि कडीमागच्या पितळी पाटीभोवती काळी-पांढरी कड उमटते. उतरवून कोमट पाणी, थोडा साबण आणि जुना दात घासायचा ब्रश, बस्स. लगेच कोरड्या करा, मग मेणाचा पातळ हात. काही कड्यांवर लॅकरचा थर असतो, तो ठिगळांसारखा निघाला असेल तर अ‍ॅसिटोनने सगळाच उतरवा. व्हिनेगर-मीठ लावलं तर काळेपणा झटकन जातो, पण पितळ गुलाबी पडतं, कारण वरचं जस्त निघून तांबं उघडं राहतं. आणि आठही कड्या आरशासारख्या चकचकीत करायचा अट्टहास कशाला? हात लागतो तिथे उजळ आणि खोबणीत काळं, हेच छान दिसतं. यावर मतभेद होतील, होऊ देत.

आता दुसऱ्या खणाचं लाकूडकाम. आधी तळाची खाच बाजूच्या फळीच्या खालच्या कडेपासून किती वर आहे ते मोजा. ती बहुतेक १० मिमीच्या आत-बाहेर असेल, म्हणून सबंध कड सरळ ७-८ मिमी कापून टाकायची नाही, खाच उघडी पडेल. झिजेचा जो उतार आहे तोच ठेवा. रंध्याने तो फक्त सपाट करा, पुढे दीड-दोन मिमी आणि मागे नुसती चकाकी जाईपर्यंत. त्या उतारावर सागवानाची ८ मिमी जाडीची सरळ पट्टी चिकटवा, तिच्या रेषा लांबीच्या दिशेने. पाचर आधी मापून कापायच्या फंदात पडू नका. सरस वाळला की वरच्या कडेपासून १५० मिमीवर समांतर रेषा मारा आणि रंध्याने त्या रेषेपर्यंत उतरा. पट्टी आपोआप पाचरीच्या आकाराची होते आणि माप चुकायचा प्रश्नच राहत नाही. रंधा मारायच्या आधी सगळे खिळे काढलेत ना ते बघा, रंध्याच्या पात्याची धार खिळ्याला ओळखत नाही.

सागवान तेलकट असतं. चिकटवायच्या आधी दोन्ही पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसा आणि सुकल्या सुकल्या चिकटवा, तासाभराने नाही. मी गरम सरस वापरते, ६० अंशांच्या आसपास ठेवून. त्याहून फार तापवला की त्याचा जोर जातो. फेव्हिकॉलनेही काम होईल, पण त्याच्या जुन्या थरावर नवा थर धरत नाही, तेवढं ध्यानात ठेवा. जुनं काही चिकटलेलं असेल तर लाकूड उघडं होईपर्यंत खरवडा.

रनर खिळ्यांनी लावलेला असेल तर नशीब. अलगद उचकटा आणि उलटा करून लावा, खालची बाजू कोरी असते. स्क्रूने लावलात तर डोकं पृष्ठभागाच्या खाली बुडवा, नाहीतर तेच नव्या पट्टीला करवतीसारखं खाईल. उलटा करता येत नसेल तर खाच पटाशीने चौकोनी करून ठिगळ बसवा. अडसर-ठोकळे सगळ्यात शेवटी. खण आत नेऊन दर्शनी फळी कपाटाच्या तोंडाशी सपाट येते का बघा, पट्टीवर पेन्सिलची खूण करा, आणि ठोकळे त्या खुणेला चिकटवा.

खटपट्या

बाप रे! नुसती मेणबत्ती घासली तर नाही भागणार?

पटाशी

पट्टी बसवल्यावर घासाच, रनरवर आणि फळीच्या खालच्या कडेवर, चांगली दाबून. ५ मिमीची झीज मेणाने भरून येत नाही. तेल मात्र घालू नका, धूळ धरून त्याचा चिकटा होतो.

आटे_गेले, चौथ्या खणाला दमट हवेत रंधा लावू नका. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं, आणि खणाच्या बाजूच्या फळीची रुंदी म्हणजे तिची उंची. १५० मिमीच्या सागवानी फळीत दमट आणि कोरड्या हवेतला फरक दीड-दोन मिमी सहज होतो. आत्ता छिललंत तर कोरड्या दिवसांत वर फट दिसेल. खण बाहेर काढून काही दिवस कोरड्या खोलीत ठेवा. तरीही अडला तर बाजूंच्या वरच्या कडेला खडू घासा, खण आत-बाहेर करा, खडू पुसला गेला असेल तिथूनच पातळ साल काढा. पुन्हा बघा, पुन्हा काढा.

आता भोकं. पितळी पाटीखाली सगळं झाकलं जाणार आहे, त्यामुळे इथे मन मोठं करा. भोक १० मिमीपर्यंत गोल करून लाकडाची खुंटी चिकटवा, वरची कड सपाट करा. बोल्ट आरपार जाणार म्हणून गोल खुंटी चालते. स्क्रू धरायचा असता तर चालली नसती, कारण खुंटीच्या रेषा स्क्रूच्याच दिशेने धावतात आणि तिथे पकड कमी. तो लोखंडी स्क्रू काढला की तिथलं भोकही असंच बुजवा. तो स्क्रू मूळचा नाही हे सांगायला नकोच. तसल्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकात आले. तुमचं कपाट किती जुनं ते मला ठाऊक नाही, पण पाटीला एखादा एकाच आडव्या खाचेचा, बोथट टोकाचा पितळी स्क्रू असेल तर जपून ठेवा. टोकदार लाकडी स्क्रू यंत्रावर घाऊक व्हायला लागले ते १८४६च्या अमेरिकन पेटंटनंतर.

नवी भोकं पाडताना प्रत्येक कडीसाठी वेगळं मोजायचं नाही. पातळ प्लायच्या तुकड्यावर ७६ मिमीवर दोन भोकं पाडा, मधोमध एक रेघ ओढा, आणि त्याच तुकड्यावरून आठही ठिकाणी ड्रिल करा. आतल्या बाजूला रद्दी फळी दाबून धरा, म्हणजे बिट बाहेर पडताना लाकडाच्या चिपा उडणार नाहीत. बोल्टपेक्षा अर्धा मिमी मोठं भोक पुरे. आतून मोठा पितळी वायसर टाका, नट हाताने आवळून वर पाव फेरा. नट लाकडात रुतवायचा नसतो.

आटे_गेले

सगळं कळलं, धन्यवाद. गायब कडीचं काय करू? एका जुन्या कडीवरून साच्यात ओतून घ्यावी म्हणतोय.

ठोकपीट

ओतून घ्या, पण पितळ थंड होताना दीड टक्क्याच्या आसपास आटतं. ७६ मिमीची कडी नक्कल होऊन येईल ती सव्वा मिमीने आखूड. बोल्टचे कान वेगळे असल्यामुळे भोकं तुमच्या प्लायच्या तुकड्यावरूनच पाडा आणि कडीची टोकं जरा फाकवून बसवा. तापवून, गार करून, वर सांगितलं तसं. साच्यासाठी सर्वांत कमी झिजलेली कडी द्या, नाहीतर झीजही नकलेत उतरेल.

पटाशी

आणि नवी कडी दुसऱ्या खणाला लावू नका, तो डोळ्यांसमोर येतो. सगळ्यात खालच्या खणाची एक जुनी कडी वर आणा आणि नवी तिथे खाली, भिंतीकडच्या बाजूला लावा. तिला मुद्दाम काळं करायची गरज नाही, वापरात पडली की वर्षा-दोन वर्षांत तिचा रंग खाली येतो. तोवर कुणी वाकून बघत नाही.